शेजारधर्माची गुणपत्रिका

महाराष्ट्राला स्पर्धेचं वेड आहे. रांगोळीची स्पर्धा, भजनाची स्पर्धा, एकांकिकांची, बैलगाड्यांची, गणपतीच्या देखाव्यांची. तेव्हा गावाने स्वच्छ राहावं, भांडू नये, मिळून राबावं, यासाठीही आपल्याकडे स्पर्धाच भरावी यात नवल नाही. गेल्या पंचवीस वर्षांत अशा इतक्या मोहिमा होऊन गेल्या की वेशीवरच्या कमानी वाचत गेलं तरी राज्यकर्त्यांच्या आवडीनिवडींचा इतिहास हाती लागतो : निर्मल ग्राम, तंटामुक्त गाव, पर्यावरण संतुलित गाव, स्मार्ट ग्राम.

या मोहिमांकडे एकत्र पाहण्याची मात्र पद्धत नाही. स्वच्छतेची मोहीम ग्रामविकास खात्याची, तंट्यांची गृहखात्याची, पाण्याची एका संस्थेची, असे वेगवेगळे कप्पे पडलेत. पण तळाशी गृहीत एकच आहे : बक्षीस, चारचौघांत नाव आणि शेजारच्या गावाशी ईर्ष्या लावून दिली, की माणसं एकमेकांशी बरी वागू लागतात. हे कुठे खरं ठरलं आणि जिथे फसलं तिथे त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात गाडगेबाबांच्या नावाने झाली. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यातली खरी चतुराई पैशांच्या क्रमात होती. त्याआधीच्या योजनांत अनुदान आधी आणि काम नंतर. त्यामुळे सरकारी संडास बांधले गेले आणि त्यांत गोवऱ्या आणि सरपण भरलं गेलं. या अभियानात गावाने आधी पदरमोड करून, श्रमदान करून काम करायचं आणि मग तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत बक्षीस मिळवायचं होतं. रक्कम गावाच्या खर्चाच्या मानाने फार नव्हतीच. पण तपासणी समिती येणार म्हटल्यावर गटारं उपसली गेली, उकिरडे हलले, भिंतींवर सुविचार चढले, शाळेतली पोरं झाडू घेऊन फेरीला निघाली. वर्षानुवर्षं ग्रामसभेला न फिरकलेली माणसं रस्त्यावर उतरली, हे त्या काळी गावोगाव दिसत होतं. पुढे केंद्राच्या निर्मल ग्राम पुरस्कारांत महाराष्ट्राने सर्वाधिक पुरस्कार घेतले, त्याची पूर्वतयारी इथे झाली होती.

आणि मग गुड मॉर्निंग पथकं आली. हागणदारीमुक्तीचं उद्दिष्ट गाठायचं तर उघड्यावर बसणाऱ्यांना थांबवायला हवं. म्हणून पहाटे पथकं रस्त्याच्या कडेला उभी राहू लागली. शिट्टी वाजवायची, टमरेल हिसकावायचं, गुलाबाचं फूल द्यायचं, फोटो काढायचा. फूल देण्याला गांधीगिरी म्हणायची तेव्हा फॅशन होती. अंधार फिटायच्या आत बाहेर जाणारी बाई, गावठाणात संडासाइतकीही जागा नसलेला भूमिहीन, अतिक्रमित वस्तीतलं कुटुंब, हे या पथकांच्या तावडीत सापडत. ज्याच्या वाड्यात दोन संडास होते त्याच्या वागण्याची परीक्षा कुणी घेतली नाही. त्याने आपल्या जागेतला कोपरा शेजारच्या वस्तीला सार्वजनिक संडासासाठी दिला का, या प्रश्नाला गुण नव्हते.

खुद्द गाडगेबाबांची रीत उलटी होती. ते गावात आले की स्वतः खराटा घेऊन झाडायला लागत आणि रात्री कीर्तनात गावाला प्रश्न विचारत. लाजवायचं असेल तर ते बसलेल्या पाटील-सावकारांना लाजवत. त्यांच्या नावाने चाललेल्या मोहिमेने पुढे परसाकडे निघालेल्या म्हातारीला लाजवावं, हे मला कधी पचलं नाही.

तंटामुक्तीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. मागे पुन्हा आर. आर. पाटीलच, आता गृहमंत्री. ग्रामसभेने समिती निवडायची. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, बीटचा हवालदार, बचत गटाच्या बायका आणि गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशी माणसं तिच्यात घ्यायची. दिवाणी, महसुली, फौजदारी असे तंटे नोंदवहीत लिहायचे आणि कायद्याने ज्यांत तडजोड चालते तेवढेच मिटवायचे. गाव पात्र ठरलं तर लोकसंख्येनुसार एक लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस.

ही मोहीम कुठे कामाला येते हे समजायला बांधाचं भांडण पाहावं. बांध कोरणं म्हणजे दर हंगामाला नांगराचं एखादं तास शेजाऱ्याच्या अंगाने सरकवत नेणं. पाच-सात वर्षांत हातभर जमीन इकडची तिकडे होते. बहुतेक वेळा दोन्हीकडे सख्खे किंवा चुलत भाऊच असतात. एक दिवस बांधावरचं बाभळीचं झाड कोण तोडणार यावरून काठ्या निघतात, मग दावा, मग तारखा. जमीन गुंठाभर आणि वकिलाची फी तिच्या किमतीच्या वर. कोर्टात हा दावा वीस वर्षं चालू शकतो, कारण दोघांनाही जमिनीपेक्षा आपलं म्हणणं वर राहिलेलं हवं असतं. समिती काय करते? भूमी अभिलेखकडे मोजणीचे पैसे निम्मेनिम्मे भरायला लावते. मोजणीच्या दिवशी पंच उन्हात उभे राहतात. हद्दीवर दगड रोवला जातो, तडजोडनामा लिहिला जातो, सह्या होतात आणि पुढच्या तारखेला किंवा लोकअदालतीत दावा निघतो. नंतर पंच दोघांपैकी एकाच्या ओसरीवर चहाला बसतात आणि दुसऱ्याला तिथे बोलावून घेतात. शासन निर्णयात हा चहा नाही, पण दोन घरांतलं बोलणं त्याने सुरू होतं. न्यायाधीश निकाल देऊ शकतो; ओसरीवर बोलावू शकत नाही.

विदर्भातल्या स्थानिक पेपरांत आणखी एक बातमी ठरलेली असते : तंटामुक्त समितीच्या पुढाकाराने प्रेमीयुगुल विवाहबद्ध. पळून गेलेली पोरं पोलीस ठाण्यात जाण्याऐवजी समितीच्या अध्यक्षाकडे येतात. अध्यक्ष दोन्हीकडच्या आईबापांना बोलावतो, वयाचे दाखले बघतो आणि ग्रामपंचायतीच्या आवारात हार घालून लग्न लावतो. त्यांतली काही लग्नं आंतरजातीय असतात. गावाने जाहीरपणे पाठीशी उभं राहिल्यावर कोयता घेऊन धावणाऱ्या चुलत्याची हिंमत खचते. मोहिमेच्या सगळ्या अहवालांपेक्षा या दोन-चार ओळींच्या बातम्या मला मोलाच्या वाटतात.

पण मोहीम सुरू झाली तेव्हा खैरलांजी घडून वर्षही झालं नव्हतं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात दलित भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्यामागे शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा जुना वाद होता. तंटामुक्तीच्या नोंदवहीत तो कसा लिहिला गेला असता? ‘शेतरस्त्याबाबत वाद’. एक ओळ, एक क्रमांक, आणि शेरा : सामोपचाराने मिटवावा. सामोपचार बरोबरीच्या दोघांत होतो. एका बाजूला अख्खं गाव आणि दुसऱ्या बाजूला एकच घर असेल, तर मिटवणं म्हणजे त्या घराने गप्प बसणं. मोहिमेच्या रचनेतच ही खोट आहे : मिटलेल्या तंट्याला गुण मिळतात, तर दाखल झालेल्या तक्रारीने गावाचं नाव खराब होतं. मग नवऱ्याने मारलेली बाई ठाण्यात निघाली की वाटेत तिला कोण अडवणार, आणि ‘गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे’ असं कोण म्हणणार, हे ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. ॲट्रॉसिटीच्या तक्रारीचंही तेच. कागदावर गंभीर गुन्हे मोहिमेच्या बाहेर आहेत. पण गुन्हा गंभीर की किरकोळ, हे नोंद होण्याआधी चावडीवरच ठरून जातं.

गावाची एकजूट हा शब्द आपण फार लाडाने वापरतो. रायगड-रत्नागिरीकडे वाळीत टाकण्याची जी प्रकरणं वर्षानुवर्षं गाजत आली, तीसुद्धा एकजुटीनेच झाली. सगळ्यांनी मिळून एका घराचं पाणी, दुकान, मयताला खांदा देणं बंद केलं. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. तो पुढच्या वर्षी लागू झाला. म्हणजे एकीकडे सरकार एकजुटीला बक्षीस देत होतं आणि दुसरीकडे एकजुटीपासून माणसाला वाचवण्याचा कायदा करत होतं. यात विसंगती नाही. दोन्हींची गरज होती. फक्त दोन खात्यांनी एकमेकांच्या फायली वाचल्या नसाव्यात.

पाण्यासाठीच्या वॉटर कप स्पर्धेला या मोहिमांच्या तुलनेत एक फायदा होता : तिथे मोजायची गोष्ट माती होती. आमिर खान आणि किरण राव यांच्या पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत ही स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी कोरेगावातलं वेळू जिंकलं, दुसऱ्या वर्षी वर्धा जिल्ह्यातलं काकडदरा हे छोटं आदिवासी गाव, मग माणमधली टाकेवाडी, मग बार्शीतलं सुर्डी. ऐन उन्हाळ्यातले पंचेचाळीस दिवस. टिकाव, फावडं, घमेलं. सलग समतल चर, दगडी बांध, शेततळी. चराची लांबी-रुंदी-खोली टेपने मोजता येते, त्यामुळे गुणांवरून रुसवेफुगवे झाले तरी खोटेपणाला वाव कमी. आणि काम डोंगरावरचं असल्याने एकट्यादुकट्याचा उपयोग नाही. गट-तट हाच दुष्काळाचा मोठा भाऊ आहे, हे संस्थेने लवकर ओळखलं. गावातून निवडलेल्या बायका-पुरुषांना दिलेल्या प्रशिक्षणात माती-पाण्याच्या शास्त्राइतकाच वेळ खेळांना होता, आणि ते खेळ माणसांना एकत्र आणणारे होते.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून बोलणं टाकलेली दोन घरं एकाच चरात घमेली पुढे करत होती, असं या काळात बऱ्याच गावांतून ऐकू आलं. मला ते खरं वाटतं, कारण घमेलं हातातून हातात जाताना समोरच्याकडे बघावंच लागतं. पण इथेही कोपऱ्यात एक प्रश्न उभा होता. भूमिहीन मजुराने डोंगरावर महिनाभर माती उपसली, पाणी खाली मुरलं आणि चढलं ते विहीरवाल्याच्या विहिरीत. त्याने मग ऊस लावला. श्रमदान सर्वांचं आणि पाणी सातबारा ज्याच्या नावावर त्याचं, हा हिशेब स्पर्धेच्या गुणपत्रिकेत येत नव्हता. काही गावांनी पिकांचे आणि बोअरचे नियम स्वतःहून केले, तिथे गोष्ट वेगळी झाली. हिवरे बाजार या गावाने हे शहाणपण कुठल्याही कपाच्या कितीतरी आधी दाखवलं होतं.

बक्षीस नसलेलं एक उदाहरण भिवंडीचं आहे, आणि या सगळ्या आढाव्यात मी त्याला वरची जागा देईन. यंत्रमागांचं हे शहर १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलं. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला-मोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या आपल्याकडे पूर्वीपासून आहेत; सणाच्या आधी पुढारी, व्यापारी, मौलवी, पुजारी यांना बोलावून चहा-बिस्कीट द्यायचं आणि फोटो काढायचा. खोपड्यांनी पुढाऱ्यांना बाजूला ठेवलं आणि रिक्षावाला, माग चालवणारा, टपरीवाला अशी साधी माणसं घेतली, हिंदू-मुसलमान दोन्ही. बैठकीत धर्मावर प्रवचन नसे. नळाला पाणी येत नाही, गटार तुंबलंय, अमक्याचा पोरगा दारू पिऊन त्रास देतो, असलीच बोलणी. पोलीस अधिकारी दर वेळी समोर बसलेला. अशा शेकडो कंटाळवाण्या बैठकांतून माणसं एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना तासाभराच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी जातीय दंगलींवरच्या आपल्या अभ्यासात भिवंडीला जागा दिली ती यासाठीच.

मुंबईने हा धडा दंगलीनंतर घेतला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. वस्त्यावस्त्यांतल्या पोरांच्या क्रिकेट मॅचेस हा तिचा एक भाग होता. ही स्पर्धाच, पण तिच्यात चांगुलपणाला गुण नव्हते; गुण रन आणि विकेटला होते. चांगुलपणा संघ निवडताना आणि मॅचनंतर वडापाव खाताना आपोआप होत होता.

हे काम टिकवावं लागतं, हेही भिवंडीनेच दाखवलं. जुलै २००६ मध्ये तिथे पोलीस ठाण्याच्या जागेवरून हिंसा भडकली आणि दोन पोलिसांचा जमावाने जीव घेतला. अधिकारी बदलतो, बैठका वर्षाकाठी एकवर येतात, आणि नळ-गटाराच्या तक्रारी ऐकणारं कुणी समोर बसलेलं राहत नाही.

सुरक्षित वस्तीच्या मोहिमांबद्दल बोलताना धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा टाळता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरताहेत, सावध राहा, अनोळखी दिसला की कळवा, असे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण शेजाऱ्यांची काळजीच घेतोय असं वाटत असणार. पण ‘अनोळखी’ कोण, याची व्याख्या कुणी केली नाही, म्हणून ती जुन्या सवयीने झाली : भिक्षेकरी, पालात राहणारा, वेगळी बोली बोलणारा. गावाची गस्त, ग्रामसुरक्षा दल, एका फोनवर गाव जागं करणारी यंत्रणा, ही सगळी कामाची साधनं आहेत आणि बिबट्या शिरला, आग लागली, दरोडा पडला तेव्हा त्यांनी जीव वाचवलेत. फक्त संशयिताला पकडल्यावर पुढची दहा मिनिटं काय करायचं, हे शिकवल्याशिवाय ती कुणाच्या हातात देऊ नयेत.

शहरांत हाच प्रकार सभ्य कपडे घालून येतो. मुंबईत १९९७ च्या सुमारास रहिवासी आणि महापालिका यांच्यात एएलएमची (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) पद्धत सुरू झाली. गल्लीने कचरा वेगळा करायचा, फुटपाथ सांभाळायचा. कचऱ्याच्या बाबतीत चांगलं काम झालं. पण बऱ्याच गल्ल्यांना स्वच्छतेनंतरचं पुढचं पाऊल म्हणजे फेरीवाले हटवणं असंच वाटलं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईतल्या बायकांबद्दल नेमकी याच्या उलट मांडणी केली : रस्त्यावर रिकामटेकडं उभं राहण्याचा हक्क सगळ्यांनाच असायला हवा. रात्री दहाला स्टेशनवरून घरी चालत येणाऱ्या मुलीला बंद दुकानांच्या स्वच्छ, मोकळ्या रस्त्यापेक्षा भाजीवाली आणि अंडा-भुर्जीची गाडी असलेला रस्ता जवळचा वाटतो, हे कुठल्याही मुलीला विचारावं.

आणि आदर्श सोसायटीची बक्षिसं! सौर दिवे, खतनिर्मिती, सीसीटीव्ही, झाडांना नावाच्या पाट्या. याच सोसायट्यांत मुसलमान भाडेकरू नको, मांसाहारी नको, एकटी बाई नको, घरकामाच्या बाईने आणि डिलिव्हरीवाल्याने वेगळी लिफ्ट वापरावी, हे ठराव कुठेही न लिहिता अमलात असतात. परीक्षक गच्चीवरचे पॅनेल पाहून जातात.

छोट्या गावांचे काही ठराव या पार्श्वभूमीवर वेगळे उठून दिसतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला : नवरा गेल्यावर बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याने २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड ठरवला. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि पोरांच्या अभ्यासासाठी टीव्ही-मोबाइल दीड तास बंद होतात. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत तर गणपतीच मशिदीत बसतो, गेली चाळीसहून अधिक वर्षं, कुठल्याही पुरस्काराशिवाय.

या ठरावांची थट्टा करणं सोपं आहे. ठराव झाल्यावरही मयताच्या घरी म्हाताऱ्या बायका बांगड्यांकडे हात नेतातच. पण हेरवाड आणि सौंदाळा यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. तिथे वागणं बदलायला सांगितलं गेलं ते ज्याच्या हातात बळ आहे त्याला. शिवी देणाऱ्याने थांबायचं आहे. ज्याला शिवी बसली त्याने समजूतदारपणा दाखवायचा नाही. गुड मॉर्निंग पथकाने नेमकं उलटं केलं होतं. मला वाटतं, कुठल्याही सामुदायिक मोहिमेची पारख इथेच व्हावी.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं. राज्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीला पाच कोटींचं बक्षीस. गाडगेबाबांच्या अभियानातले आकडे आठवणाऱ्याचे डोळे विस्फारतील. एवढ्या रकमेसाठी गाव काहीही करेल, तर मग ‘काहीही’मध्ये काय यावं ते गुणपत्रिकेनेच सांगायला हवं. दलित वस्तीतला नळ आणि पाटीलवाड्यातला नळ यांना पाणी एकाच वेळी, तेवढाच वेळ येतं का. भटक्या कुटुंबाला मयतासाठी स्मशानभूमीत जागा मिळते की ओढ्याकाठी जावं लागतं. वर्षभरात बायकांनी किती तक्रारी नोंदवल्या, आणि ती संख्या वाढली असेल तर त्याचे गुण वाढवून द्यावेत, कापू नयेत. आणि तपासणी समितीने निदान एक दुपार वस्तीवर काढावी, सरपंच, ग्रामसेवक आणि सत्काराची शाल यांतलं काहीही बरोबर न घेता.